कर्ण न मोजलेले रान

माझी सासुरवाडी बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात आहे असे सांगितले की आमच्या कचेरीतले सहकारी हमखास विचारतात, "म्हणजे वहिनी कानडी का?" नाही हो. घरात मराठी, बाजारात मराठी, कानडी आणि दखनी यांची मिसळ आणि सरकारदरबारी कानडी असा तिकडचा मामला आहे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 साली भाषावार राज्ये झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याची फाळणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडे आले आणि भालकी, औराद, हुमनाबाद तिकडे म्हैसूर राज्यात गेले. सोयरीक मात्र अजून दोन्हीकडे आहे. माझी तर थेट गोव्यापर्यंत आली!

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या रजेत तिकडे गेलो होतो. सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते घराला एक खोली वाढवत होते. सकाळी मिस्त्री आला. त्याने आधी एक खुंटी ठोकली, तिला दोरी बांधून जुन्या भिंतीच्या रेषेत ताणली. मग त्याच खुंटीपासून दुसरी दोरी आडवी ताणली. पहिल्या दोरीवर तीन फुटांवर खूण केली, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमध्ये टेप धरला. पाच फुटांना दोन बोटे कमी पडली. त्याने आडव्या दोरीची खुंटी जरा बाहेर सरकवली, पुन्हा टेप धरला. बरोबर पाच.

"आलं गुण्यात," तो म्हणाला.

मी कला शाखेचा पदवीधर. पायथागोरसचा सिद्धांत मी दहावीला चार गुणांसाठी घोकला आणि परीक्षा झाल्यावर देवाला परत केला. काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, बेरीज पंचवीस, म्हणजे कर्ण पाच. हे सारे मला त्या खुंटीपाशी उभ्या उभ्या आठवले. मिस्त्रीला विचारले, असे का येते? "का येतंय ते ठावं नाही पाव्हणं, पण येतंय. माझा बाप बी असंच करायचा."

त्याच दिवशी संध्याकाळी ओट्यावर सगळे बसले असताना आणखी एक गोष्ट घडली. तेव्हा मला ती क्षुल्लक वाटली. पेरणीच्या बियाण्याचा विषय निघाला होता. अण्णांच्या धाकट्या भावाच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणाल्या, "आमच्या रानात दोन एकराचं बी नेलं की दरसाली अर्धा-पाऊण किलो उरतंय बघा." सगळे हसले. कोणी म्हणाले, काकींचा हातच आखडता. कोणी म्हणाले, तिफणीवर मूठ धरणाऱ्याने सैल धरायला नको का? काकी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या रानात पीक थोडे कमीच येते, आणि त्याचे कारण पेरा विरळ असतो, काकांचे लक्ष नसते, अशी घरात वर्षानुवर्षांची समजूत होती.

दुसऱ्या दिवशी फरशी ठरवायला मी आणि मेव्हणा शहाबादला गेलो. आपण गोव्यापासून विदर्भापर्यंत ज्या फरशीला 'शहाबादी' म्हणतो, ते शहाबाद हेच, कलबुर्गी (2014 पर्यंत गुलबर्गा) जिल्ह्यातले. सगळा भाग चुनखडकाचा. दोन फूट बाय दोन फूट फरशी घेताना मेव्हण्याने टेप तिरपा धरून पाहिला, तर चौतीस इंच भरले. फरशी खरोखर चौरस असेल तर हाच आकडा यायला हवा, अर्ध्या सुताचाही फरक नाही. मला गंमत वाटली. काल घराच्या पायात तोच नियम, आज फरशीत तोच.

शहाबादपासून मळखेड जवळ आहे हे मला मेव्हण्याने सांगितले, आणि मी हट्टाने गाडी तिकडे वळवली. कलबुर्गीपासून साधारण 40 किलोमीटरवर, कागिणा नदीच्या काठी, पडक्या किल्ल्याचे हे गाव. गावात नेमिनाथाची जुनी बसदी आहे, टीकाचार्य जयतीर्थांचे म्हणून पूजले जाणारे वृंदावन आहे आणि जवळच सिमेंटचा कारखाना आहे. हेच राष्ट्रकूटांचे मान्यखेट. 851 च्या सुमारास सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या वृत्तांतात जगातल्या चार थोर राजांत 'बल्हरा'ची गणना आहे. बल्हरा म्हणजे वल्लभराज, म्हणजे या गावचा राजा! आपल्या गोव्यावर राज्य करणारे दक्षिण कोकणचे शिलाहार हे याच राष्ट्रकूटांचे मांडलिक. 972 साली परमार सीयकाने मान्यखेट लुटले आणि मग हळूहळू त्याचे मळखेड झाले.

त्या वैभवाच्या काळातला राजा अमोघवर्ष नृपतुंग. 814 ते 878 अशी त्याची दीर्घ कारकीर्द. कन्नड साहित्याचा इतिहास त्याच्या काळातल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथापासून सांगितला जातो, हे पुष्कळांना माहीत असते. पण याच राजाच्या स्तुतीने सुरू होणारा एक गणिताचा ग्रंथ आहे, हे मला तोवर माहीत नव्हते. महावीराचार्य या जैन पंडिताने 850 च्या सुमारास लिहिलेला 'गणितसारसंग्रह'. मद्रास सरकारने 1912 साली रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह तो छापला, आणि 1963 साली आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी भाषांतरासह. गोव्याला परतल्यावर एका मित्राकडून मला ही सोलापूरची प्रत मिळाली आणि पावसाळाभर ती उशाशी राहिली. सगळी कळली असा दावा नाही. पण सुरुवातीलाच महावीराचार्य गणित कुठे कुठे लागते याची जी यादी देतो, तिच्यात स्वयंपाक, वैद्यक, संगीत, नाटक, वास्तू, छंद, व्याकरण सगळे येते. कला शाखेच्या माणसाला ही यादी वाचून जरा धीर आला.

या ग्रंथात क्षेत्रगणित नावाचा मोठा भाग आहे. तिथे महावीराचार्य दोन प्रकारची उत्तरे देतो: 'व्यावहारिक' आणि 'सूक्ष्म'. वर्तुळाचा परिघ व्यवहारात व्यासाच्या तिप्पट, सूक्ष्म हवा तर व्यास गुणिले दहाचे वर्गमूळ. चौकोनाचे व्यावहारिक क्षेत्रफळ असे: समोरासमोरच्या बाजूंची बेरीज करून निम्मी करा, दुसऱ्या जोडीचीही तशीच निम्मी करा, आणि दोन्हींचा गुणाकार करा. सोपे आहे. रानाच्या चार बांधांवरून चालत गेले की काम झाले, मध्ये पिकात पाय घालायला नको.

हे वाचताना मी थबकलो. कारण असाच हिशेब मी कुठेतरी पाहिला होता. कुठे, ते आठवायला दोन दिवस लागले. अण्णांच्या ट्रंकेत!

अण्णा आणि काका यांची वाटणी 1978 सालची. गावातल्या पंचांनी केलेला तो कागद रेघोट्यांच्या वहीच्या पानावर मराठीत लिहिलेला आहे. मी सरकारी कारकून, जुना कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही, म्हणून तो मी पूर्वी एकदा वाचला होता. रानाचा सर्व्हे नंबर एकच, सरकारी पहाणीत क्षेत्र चार एकर. (पूर्वीचे दप्तर उर्दूत, हल्लीची पहाणी कानडीत आणि संगणकावर. घरचा कागद तेवढा मराठीत.) मधला बांध घालून दोन तुकडे केलेले. वरचा तुकडा रस्त्याकडचा, तो अण्णांना. खालचा ओढ्याकडचा, तो काकांना. आता आकडे मी वाचकांच्या सोयीसाठी किंचित घासूनपुसून पूर्ण करून देतो. साखळी 33 फुटांची, म्हणजे एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. वरचा तुकडा दहा साखळ्या बाय साडेआठ साखळ्या. खालचाही दहा बाय साडेआठ. म्हणजे दोघांना सारखेच, नाही का?

पंचांनाही तसेच वाटले. पण दहा गुणिले साडेआठ म्हणजे 85 गुंठे, दोन तुकड्यांचे 170. आणि पहाणीत चार एकर म्हणजे 160. दहा गुंठे जमीन जास्त कुठून आली? कागदावर शेरा आहे, की सरकारी मोजणी जुनी आहे, त्यात कमीजास्त असणारच, तरी दोन्ही भावांना सरकारी दोन-दोन एकर धरावे. सरकार चुकले असे ठरवून पंच जेवायला गेले.

सरकार चुकले नव्हते. खालचा तुकडा काटकोनात नव्हताच. ओढा तिरपा वाहतो, त्याच्या कडेने बांध तिरपा, आणि पलीकडच्या शेजाऱ्याचा बांधही त्याला समांतर. चार बाजू तितक्याच लांबीच्या, पण चौकट एका अंगाला कललेली. दाराची चौकट कलली की बाजूंची लांबी तीच राहते, आणि आतली जागा मात्र कमी होत जाते. पूर्ण जमिनीला टेकली तर आत काहीच उरत नाही.

मी महावीराचार्याच्या 'सूक्ष्म' सूत्राकडे मोठ्या आशेने वळलो. चारही बाजूंच्या बेरजेचे निम्मे करून त्यातून एकेक बाजू वजा करायची, चार उत्तरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढायचे. रात्री जेवण झाल्यावर कागदावर केले. उत्तर आले 85! कारण हे सूत्रही फक्त बाजू विचारते. कोन कसा, कर्ण किती, हे विचारतच नाही. ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात त्यालाच ते लागू पडते, आणि ही अट त्याने घातलेली नाही. म्हणजे काकींच्या रानाला मळखेडचे व्यावहारिक गणितही लागू नाही आणि सूक्ष्मही नाही. 'आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते' म्हणणाऱ्यांनी अशी पाने जरूर वाचावीत. त्याने ग्रंथाची किंमत कमी होत नाही, उलट तो माणसाने लिहिलेला वाटू लागतो.

ही चूक दाखवली ती पुढे भास्कराचार्यांनी. त्यांचा जन्म 1114 चा, 'लीलावती' 1150 ची. त्यांचे गाव नेमके कोणते यावर वाद आहे, पण चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आहे, त्यामुळे आपण त्यांना हक्काने आपले म्हणतो. लीलावतीतले भुज-कोटी-कर्णाचे प्रश्न फार गोड आहेत. 32 हात उंच वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुडापासून 16 हातांवर टेकतो, तर तो कुठे मोडला? (बारा हातांवर. करून पाहा.) पण चौकोनाच्या प्रकरणात भास्कराचार्य एकदम कडक होतात. कर्ण किंवा लंब न सांगता जो चौकोनाचे क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच्च, असा त्यांचा अभिप्राय आहे. आमचे पंच दोन्ही होते.

महावीराचार्याला कर्णाचे महत्त्व माहीत नव्हते असे मात्र नाही. दोन संख्या 'बीज' म्हणून घेऊन त्यांच्यापासून काटकोनी आकृती 'जन्माला' कशी घालायची, हे तो सांगतो. बीजांच्या वर्गांची वजाबाकी ही एक बाजू, गुणाकाराची दुप्पट ही दुसरी, वर्गांची बेरीज हा कर्ण. बीजे 2 आणि 1 घेतली तर 3, 4, 5, आमच्या मिस्त्रीचा गुण्या. 4 आणि 1 घेतली तर 15, 8, 17. ही त्रिकुटे बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी दोरीने आखण्यासाठी आधीच आलेली आहेत, आणि बाबिलोनच्या मातीच्या विटेवर तर पायथागोरसच्या हजारभर वर्षे आधी अशी यादी सापडते. पण महावीराचार्याने पुढे जी गंमत केली ती मला फार आवडली. कर्ण 65 ठेवून तो चार वेगवेगळे आयत काढून दाखवतो: 39 बाय 52, 25 बाय 60, 33 बाय 56 आणि 16 बाय 63. कर्ण एकच, पण पहिल्याचे क्षेत्रफळ 2028 आणि शेवटच्याचे 1008! एकटी बाजू पुरत नाही, तसा एकटा कर्णही पुरत नाही. दोन्ही लागतात.

पुढच्या दिवाळीला गेलो तो शंभर फुटी टेप घेऊनच. भाचा एका टोकाला, मी दुसऱ्या. आधी अण्णांचा तुकडा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 433 फूट, दुसरा कर्णही 433. गुण्यात. मग काकांचा तुकडा. एक कर्ण 317 फूट, दुसरा 524. टेप धरून भाचा ओरडला, "मामा, चुकलं वाटतं!" पुन्हा मोजले, तेच.

हिशेब सोपा आहे. लहान कर्ण साखळ्यांत 9.6, त्याचा वर्ग 92 आणि पाव. दहाचा वर्ग शंभर, साडेआठचा 72 आणि पाव. शंभर अधिक 72 आणि पाव, वजा 92 आणि पाव, म्हणजे 80. त्याला दहाच्या दुपटीने भागा, आले 4. म्हणजे ओढ्याकडचा बांध चार साखळ्या सरकून कललेला आहे. आता पायथागोरस: साडेआठचा वर्ग वजा चाराचा वर्ग, 56 आणि पाव, वर्गमूळ साडेसात. महावीराचार्याची 15-8-17 ची आकृती, बरोबर निम्मी! रानाची खरी रुंदी साडेसात साखळ्या. दहा गुणिले साडेसात, 75 गुंठे. अण्णांचे 85, काकांचे 75, बेरीज 160. पहाणीतले चार एकर पैन् पै जुळले.

सरकारी मोजणीदार कर्णाच्या जागी लंब मोजतात. रानाच्या मधोमध एक सरळ रेषा धरायची, शंकू लावून तिच्यावर काटकोनात दोन्ही बाजूंना लंब टाकायचे, म्हणजे वाकड्या रानाचेही काटकोन त्रिकोण आणि सोपे तुकडे पडतात, मग गुणाकार. ते टिपण जुन्या लोकांनी नीट केले होते. पंचांनी ते पाहिलेच नाही, कारण ते उर्दूत होते.

आता खरी अडचण. काकांच्या वाटणीला पाच गुंठे कमी आणि अण्णांच्या वाटणीला पाच जास्त, आणि मी अण्णांचा जावई. पुन्हा 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीलाही जन्माने हक्क आहे, म्हणजे मी मोजत होतो ते माझ्याच घराविरुद्ध. (आम्हां गोवेकरांना मुलीच्या वाट्याचे नवल नाही, पोर्तुगीज नागरी कायद्यापासून तो आहे.) बायकोला आधी सांगितले. ती म्हणाली, "अण्णांना सांगा. पण एकट्यात नको, काकींसमोर."

हा जन्माने हक्क आणि भावाभावांचे समान वाटे हे सारे ज्या ग्रंथावरून इंग्रजांच्या कोर्टांनी बंगाल सोडून जवळपास देशभर चालवले, तो मिताक्षरा ग्रंथ याच मुलखातला. विज्ञानेश्वराने तो कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात लिहिला. 1076 ते 1126 ही त्या राजाची कारकीर्द. कल्याणी म्हणजे भालकीशेजारचे बसवकल्याण. विज्ञानेश्वराचे गाव म्हणून सांगितले जाणारे मर्तूर शहाबादजवळ, फरशी आणायला आम्ही गेलो त्याच वाटेवर. समान वाटा द्या हे बसवकल्याणात लिहिले गेले, वाटा मोजावा कसा हे मळखेडात, आणि याच मुलखातल्या एका गावात पाच गुंठे चाळीसेक वर्षे चुकीच्या बांधाआड पडून होते.

रात्री जेवणे झाल्यावर मी कागद मांडला. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पाव्हणे, उद्या माझ्यासमोर मोजा. आणि त्याला बी बोलवा." काकांना बोलावले. सकाळी अण्णांनी स्वतः टेपाचे टोक धरले. 317, 524. अण्णांनी टेप खाली ठेवला आणि काकांना एवढेच म्हणाले, "तुला आम्ही आळशी म्हणलो रे." काका म्हणाले, "जाऊ दे अण्णा, दरसाली पाच गुंठ्याचं पीक दिलंस तरी चालंल." तेव्हा काकी पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या. "पीक नको. बांध सरकवा."

पाच गुंठे म्हणजे 5445 चौरस फूट, दहा साखळ्या लांबीच्या बांधाला साडेसोळा फूट सरकावे लागते, बरोबर अर्धी साखळी. उन्हाळ्यात रान मोकळे झाल्यावर तो सरकवला. दोन बोरीची झाडे मधे आली, ती काकांकडे गेली. कागद नवा केला, त्यात या वेळी चारही कर्णांची मापे लिहिली. ते अक्षर माझे आहे.

पुढच्या पावसाळ्यात पेरणी झाल्यावर बायकोने फोन लावला होता. मी मागून ओरडून विचारले, काकी, बी उरलं का?

"उरलं की," काकी म्हणाल्या. "मूठभर. चिमण्यांना टाकलं."